तीन सुताचा पाना

फळीवर एक सावली रिकामी होती.

विमान चालवायला शिकवणाऱ्या आमच्या शाळेच्या हँगरमध्ये भिंतीला एक मोठी पांढरी फळी होती. प्रत्येक हत्याराची आकृती तिच्यावर काळ्या रंगानं काढलेली आणि त्या आकृतीवर ते हत्यार टांगलेलं. हत्यार काढलं की मागं त्याची काळी सावली उरायची. संध्याकाळी काम उरकलं की फळीवर एकही सावली दिसता कामा नये, हा नियम. दिसलीच, तर ते हत्यार सापडेपर्यंत त्या दिवशी हात लावलेलं विमान उडता कामा नये, हाही नियम. हत्यारं मोजायचं काम माझं होतं.

"सर, तीन सुताचा रिंग पाना नाही," मी म्हणालो.

थत्ते सर केरोसीननं हात धूत होते. हँगरमधले परवानाधारक इंजिनिअर तेवढे ते एकटेच. त्यांच्या सहीशिवाय विमान हलायचं नाही आणि त्यांच्या सहीशिवाय मीही हलणार नव्हतो. परवान्याच्या परीक्षा मी पास झालो होतो. उरला होता तो प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि तो खरा असल्याची त्यांची सही. ती मिळाली की मी विमानाचा इंजिनिअर. नाही मिळाली तर विमान पुसणारा.

"नीट बघ. कुणाच्या तरी खिशात असेल," सर म्हणाले.

आम्ही खिसे उलटे केले. ट्रॉलीचे कप्पे काढले. जमिनीवर पालथे पडून चाकांमागं, कपाटांखाली बॅटरी मारली. पाना तो केवढा! सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; वीतभर लांब, तोंडात करंगळीचं टोक जाईल एवढा. त्या दिवशी आम्ही एकाच विमानावर काम केलं होतं. शाळेतलं ते सगळ्यात जुनं विमान, त्याला सगळे म्हातारी म्हणायचे. दुसऱ्या विमानाचं इंजिन उतरवलेलं होतं, म्हणजे उडण्यासारखी म्हातारी एकटीच. आणि तीन दिवसांनी बाहेरून परीक्षक येणार होते, शिकाऊ वैमानिकांची परीक्षा घ्यायला.

"सर, शेपटी उघडून बघू," मी म्हणालो.

ते फडक्यानं हात पुसत राहिले. माझ्याकडं पाहिलं नाही.

शेपटीत एक जोड असतो. वैमानिकानं दांडा ओढला की तारा ओढल्या जातात, तो जोड हलतो आणि विमानाचं नाक वर होतं किंवा खाली. दुपारी त्या जोडाचा नट सरांनी स्वतः आवळला होता. मी पुढं चाकाच्या ब्रेकवर होतो. सरांचा फोन वाजला, ते बोलत बोलत बाहेर गेले, परत आले आणि झाकण लावून टाकलं. हे मी पाहिलं होतं. आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. त्या जोडाला हात लावला की दुसऱ्या परवानाधारकानं येऊन तो तपासायचा असतो. दुसरा परवानाधारक पुण्याहून बोलवावा लागायचा. सरांनी त्याला बोलावलंच नव्हतं. शेपटी उघडली असती तर पाना सापडला असता की नाही माहीत नाही, पण ही गोष्ट नक्की सापडली असती.

एवढ्यात घोरपडे साहेब आले. शाळेचे व्यवस्थापक. सैन्यातून निवृत्त, मिशा पीळदार, बूट आरशासारखे. सरांनी त्यांना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. साहेब फळीपाशी आले, रिकाम्या सावलीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "मोजणी कोण करतं?"

"मी."

"तुझं आडनाव काय रे?"

त्यांना माहीत होतं. तरी विचारलं.

"भोसले."

"कुठले भोसले?"

आमच्या भागात हा प्रश्न एकाच कामासाठी विचारतात. राजे भोसले की पारधी भोसले, एवढंच जाणून घ्यायचं असतं. मी म्हणालो, "जिनिंगच्या मागच्या पालातले."

साहेबांनी मान हलवली. गणित सुटल्यासारखी.

गणित सोपं होतं. हत्यार विमानात असेल तर विमान उभं. हत्यार कुणी नेलं असेल तर विमान मोकळं. मधला रस्ता नाही. हत्यारं मोजणारा पारधी निघाला, मग शेपटी कशाला उघडायची?

ते मला ऑफिसात घेऊन गेले आणि खुर्ची दिली. त्या ऑफिसात मला खुर्ची मिळाली ती तेव्हाच. फार मायेनं बोलले. चूक होते म्हणाले. घरची परिस्थिती असते. नेला असशील तर सांग, पोलीस नाही, बोभाटा नाही, तुझ्या सह्यासुद्धा होतील, मी थत्त्यांना सांगतो. फक्त नेला म्हण.

"मी नेला नाही. शेपटी उघडा."

"हो म्हणायला काय जातं तुझं?"

"माझं काही नाही जात साहेब. त्यात बसणाऱ्याचं जाईल."

साहेब हसले. "नाव इमान आणि तोंड बघा."

माझं नाव इमान. आई अडाणी. मी जन्मलो तेव्हा पालावरून एक विमान गेलं म्हणे. आमच्याकडं विमानाला इमानच म्हणतात. आश्रमशाळेत गुरुजींनी नाव विचारलं, तिनं इमान सांगितलं. गुरुजींना वाटलं बाईनं प्रामाणिकपणावरून नाव ठेवलंय. त्यांनी तिचं फार कौतुक केलं. कशाचं कौतुक झालं ते तिला कळलं नाही. विमानाच्या नावाचा पोरगा विमानच दुरुस्त करणार, हे मात्र तिनं तेव्हापासून धरून ठेवलं होतं. पालातल्या बाया तिला इमानवाली म्हणून चिडवायच्या. तिला ते आवडायचं.

ऑफिसातून मी उठलो तेव्हा साहेबांनी फोन उचलला होता. बाहेर पडता पडता मला एवढंच ऐकू आलं, "पारधी आहे. हत्यार घेऊन गेलाय."

हँगरमध्ये पान्याला, पक्कडीला, स्क्रू ड्रायव्हरला, सगळ्याला हत्यारच म्हणतात. पोलीस चौकीत नाही म्हणत.

सकाळी फड जमादार तीन शिपाई घेऊन पालावर आला. एकाच्या हातात बंदूक. पालं उपटली, चुलीवरचं भांडं लाथेनं उडवलं, गोधड्या काठीनं उचकल्या. माझी पुस्तकं चिखलात गेली. आमच्या लोकांना याची सवय आहे. पुरुष मागच्या ओढ्यात पसार झाले, बाया पोरांना पोटाशी धरून बसल्या. मी एकटाच उभा राहिलो. शिकलेला ना मी!

"हत्यार कुठंय?" जमादारानं विचारलं.

"विमानात असेल साहेब."

"विमानात?" त्यानं शिपायांकडं पाहिलं. त्याचा चेहराच बदलला. "केवढं आहे?"

मी वीत दाखवली.

"गावठी का?"

"नाही साहेब, अमेरिकन. तीन सुताचं."

बंदूकवाल्यानं बंदूक माझ्यावर रोखली. आज हे सांगितलं की लोक हसतात. मलाही हसू येतं कधी कधी. त्या वेळी आई बंदुकीच्या नळीसमोर येऊन उभी राहिली होती.

चौकीत गेल्यावर अर्ध्या तासात त्यांना कळलं की हत्यार म्हणजे पाना. त्याचा त्यांना जास्तच राग आला. एका पान्यासाठी बंदूक काढायला लावली म्हणून मला मारलं. आधी तळपायावर, मग पाठीवर. फड जमादार स्वतः मारत नव्हता. टेबलावर बसून शेंगा सोलत होता आणि मधूनमधून समजावत होता. "हो म्हण की बाबा. पाना तर आहे. खून केला का तू? तुझ्या बापानं, आज्यानं न केलेलं हो म्हटलंय. तुझ्या जिभेला काय झालं?"

त्याचं खरं होतं. आमच्यात पोराला चालायच्या आधी हे शिकवतात. पोलिसानं विचारलं की हो म्हण. हो म्हटलं की मार थांबतो. माझा बाप असाच एका दरोड्याला हो म्हणाला होता. दरोडा पडला तेव्हा बाप तापानं पालात पडून होता. हो म्हणाला, आत गेला, आतच मेला. आमच्या जातीचा निम्मा इतिहास या एका अक्षराचा आहे. सरकारी दप्तरात त्याला कबुली म्हणतात.

पण हे हो वेगळं होतं. मी हो म्हटलं की दुसऱ्या सकाळी म्हातारी उडणार होती, आणि तिच्यात शलाका हुलगे बसणार होती. शिकाऊ वैमानिकांत ती एकटीच आमच्याशी माणसासारखी बोलायची. बाप एसटीत कंडक्टर. उडायच्या आधी विमानाभोवती फेरी मारायची आणि मला विचारायची, "इमान, म्हातारीनं गोळ्या घेतल्या का?" मी म्हणायचो, घेतल्या. मगच ती आत बसायची. परीक्षक यायच्या आदल्या दिवशी तिची एकटीची सरावफेरी होती.

दुपारी थत्ते सर आले. घोरपडे साहेबांनी पाठवलं होतं. माझ्या पायांकडं बघून त्यांचा चेहरा पडला. ते वाईट नव्हते, हे मी आजही म्हणतो. वाईट माणसाचा राग धरायला सोपं जातं.

"इमान, अरे हो म्हण," ते हळू आवाजात म्हणाले. "तक्रार मागं घेतो म्हणालेत साहेब. मी तुझ्या सगळ्या सह्या करतो. आज करतो. इथं करतो."

"सर, झाकण लावायच्या आधी आत हात फिरवला होता का?"

त्यांनी जमादाराकडं पाहिलं.

"फिरवला होता का सर?"

"फिरवला असेल. मी नेहमी फिरवतो."

"मग पुन्हा उघडून फिरवा. दहा स्क्रू तर आहेत. मी इथंच बसतो, पळून नाही जात."

त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "पुण्याचा माणूस बोलवावा लागेल. का बोलावला नव्हता विचारतील. माझा परवाना जाईल रे. वयाच्या या वर्षी मी कुठं जाऊ?"

मी म्हणालो, "सर, मग मी हो म्हणणार नाही."

जमादारानं शेंगांची टरफलं झटकली आणि शिपायाला खूण केली. या खेपेला मी ओरडलो. आतापर्यंत ओरडलो नव्हतो.

आई चौकीबाहेर उन्हात बसून होती. सकाळी गाडीमागं चालत आली होती. ओरडणं ऐकलं आणि दारातल्या शिपायाला ढकलून आत आली. मी तिला आमच्या बोलीत म्हणालो, आय, तू बोलू नको. काही बोलू नको. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. सरळ जमादारापुढं जाऊन उभी राहिली.

"म्या घेतला," ती मराठीत म्हणाली. "त्याच्या पिशवीतनं काढला आन् भंगारात घातला. पोराला सोडा."

जमादार टेबलावरून उतरला.

"काय घेतलं?" जमादारानं विचारलं.

"त्येच. काय हाय त्ये. हत्यार."

"केवढं होतं?"

आईनं पाना कधी पाहिलेला नव्हता. तिनं दोन्ही हात पसरून दाखवले. पहार असावी एवढे.

मी थत्ते सरांकडं पाहिलं. एकच माणूस होता तिथं, ज्याला हे खोटं असल्याचं कळलं होतं आणि ज्याच्या बोलण्याला किंमत होती. वीतभराचा पाना आणि वावभर हात. शेंबडं पोरसुद्धा हसलं असतं.

जमादारानंही त्यांच्याकडं पाहिलं. "केवढा असतो हो साहेब तो?"

थत्ते सर आईच्या पसरलेल्या हातांकडं बघत होते. मग त्यांनी मान खाली घातली.

"असतो," ते म्हणाले. "तेवढाच असतो."

आईचा अंगठा घेतला. तिला ठेवून घेतलं, मला सोडलं. मी ओरडत राहिलो की ती खोटं बोलतेय. शिपाई हसला. म्हणाला, पारध्याची पैदास, आईला खोटी म्हणतो. बाहेर काढताना माझा हात धरायला थत्ते सर पुढं आले. मी झिडकारला.

दुसऱ्या दिवशी उजाडायला मी शाळेच्या गेटवर पोचलो. पाय सुजलेले, चप्पल जात नव्हती, फडकी बांधून गेलो. वॉचमननं गेट उघडलं नाही. साहेबांचा हुकूम होता. मग मी कुंपणाच्या तारेला धरून धावपट्टीच्या टोकाकडं चालत गेलो. म्हातारी हँगरमधून बाहेर आली होती. शलाका तिच्याभोवती फेरी मारत होती. शेपटीपाशी वाकली, शेपटीची हलती पट्टी हातानं वर-खाली करून पाहिली. पट्टी मोकळी हलली. तिनं इकडंतिकडं पाहिलं, बहुतेक मला शोधत असावी. मग आत बसली.

विमान हळूहळू माझ्याच दिशेनं येत होतं. मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. विमानतळावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ही खूण कळते. थांब. आहे तिथं थांब.

तिनं पाहिलं. पंख्याचा आवाज उतरला. विमान थांबलं. काचेआड तिचा चेहरा दिसत होता, कानांवर हेडफोन. ती काहीतरी बोलत होती. मी फुली सोडली नाही. हात भरून आले तरी सोडली नाही.

मग तिनं माझ्याकडं बघून हात जरासा वर केला, माफी मागावी तसा, आणि विमान वळलं.

ती काय बोलत होती ते मला फार नंतर, चौकशीत कळलं. तिनं रेडिओवर विचारलं होतं, "इमान कुंपणापाशी उभा आहे. थांबायची खूण करतोय." उत्तर घोरपडे साहेबांनी दिलं होतं. "लक्ष देऊ नकोस. चोरीपायी काढलाय त्याला. सूड उगवतोय. पुढं हो."

म्हातारी उडाली. नाक वर झालं, झाडांच्या वर गेली. पुढं सरळ व्हायला हवी होती. ती झाली नाही. नाक वरच राहिलं, आणखी वर गेलं, जणू कुणी दांडा मागं ओढून बांधून ठेवला होता. विमान हवेत उभं राहिल्यासारखं वाटलं. मग एक पंख खाली कलला आणि ती ज्वारीच्या रानात गेली.

मी धावलो. सुजलेल्या पायांनी जेवढं धावता येतं तेवढं. माझ्या आधी गावातले चार लोक पोचले होते. त्यांनी मला जवळ जाऊ दिलं नाही.

पाना सापडला. शेपटीत, जोड आणि सांगाडा यांच्या बेचक्यात, पाचरीसारखा बसलेला. जमिनीवर विमान आडवं असतं तोवर तो नुसता पडून राहतो, काही अडवत नाही. नाक वर झालं की मागं घसरतो. चौकशीवाल्यांनी तो पिशवीत घातला, पिशवीला नंबर दिला.

थत्ते सरांनी सांगितलं की हत्यार चोरीला गेल्याची कबुली होती. पोलिसांनी नोंदवलेली. त्यामुळं विमान सोडलं. कायद्यानं त्यांचं बरोबर होतं. तरी त्यांचा परवाना गेला. शाळा बंद पडली. घोरपडे साहेब दुसऱ्या राज्यात दुसऱ्या शाळेत लागले, पीळदार मिशांसकट. मी चौकशीत सगळं सांगितलं. लिहून घेतलं. शेवटी एकानं विचारलं, "पण मग तुमच्या आईनं कबुली का दिली?" कोट घातलेला माणूस. खरंच कळत नव्हतं त्याला.

आणि आई जामिनावर सुटली, तरी तिच्यावरचा खटला चालूच राहिला. पाना इकडं पिशवीत बंद होता आणि तोच पाना तिकडं भंगारात विकल्याबद्दल आई तालुक्याच्या कोर्टात तारखांना उभी राहत होती. मी वकिलाला म्हणालो, पाना सापडलाय. तो म्हणाला, ते खातं वेगळं. तिनं गुन्हा कबूल केलाय, आता पाना घेतलाच नव्हता असं म्हणता येत नाही. आई प्रत्येक तारखेला लुगडं धुऊन जायची.

तिला शलाकाचं कळलं नाही. एक विमान पडलं हे कळलं, सगळ्या तालुक्याला कळलं. ते कोणतं आणि का, हे मी तिला सांगितलं नाही. पालातल्या कुणाला सांगू दिलं नाही.

मी दुसऱ्या राज्यात गेलो, दुसऱ्या हँगरमध्ये, पहिल्यापासून. तिथं आडनाव कुणाला कळत नव्हतं. सह्या मिळवल्या. परवाना मिळाला. आज मोठी विमानं माझ्या सहीनं उडतात. माझ्या हँगरमध्ये हत्यार हरवलं तर कुणी नेलं हे मी विचारत नाही. विमान उघडतो. वरचे लोक चिडतात. चिडू देत.

गेल्या वर्षी आईला माझ्या क्वार्टरवर आणली. विमानतळाजवळच आहे. ती ओट्यावर बसते आणि वरून विमान गेलं की शेजारच्या बायांना सांगते, ह्ये माझ्या पोरानं नीट केलंय. शेजारणींना ती आवडते. परवा त्यांना ती जुनी गोष्ट सांगत होती, पोलिसांची, बंदुकीची. मी कामावरून आलो तेव्हा सांगत होती, पोराला लई मारत होते, पोरगं अडून बसलेलं, शिकलेलं ना, मग म्याच पुढं झाले.

मला दारात बघून म्हणाली, "इचारा त्यालाच. का रं इमान, म्या त्या दिवशी हो म्हणले म्हणूनच तू इंजिनेर झाला का न्हाई?"

बाया माझ्याकडं बघत होत्या. वरून एक विमान चाललं होतं, नाक वर करून.

"हो," मी म्हणालो.